चर्चचे सेवाकार्य आणि शेजारसमाज : माहितीप्रसाराची आवश्यकता व मर्यादा
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

सारांश :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती चर्चने गेल्या दोन शतकांत शिक्षण, आरोग्य, अनाथ व वृद्धांचा सांभाळ, व्यसनमुक्ती, पतपुरवठा अशा विविध क्षेत्रांत सेवाकार्य उभे केले. यांपैकी बहुतेक सेवा सर्वधर्मीयांसाठी खुल्या आहेत. तथापि चर्चच्या आवाराबाहेर राहणाऱ्या समाजाला या सेवांची माहिती पुरेशी नसते. प्रस्तुत लेखात या अपुऱ्या माहितीची कारणे, तिचे परिणाम आणि चर्चने आपल्या सेवांची माहिती शेजारसमाजाला का व कोणत्या मर्यादेत द्यावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : चर्च, सेवाकार्य, शेजारसमाज, माहितीप्रसार, धर्मप्रचार, धर्मादाय संस्था, विश्वासार्हता.

प्रस्तावना :

मराठी भाषेत 'शेजारधर्म' हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. येथे धर्म म्हणजे उपासनापद्धती नव्हे, तर कर्तव्य. शेजाऱ्याच्या घरी आजार असो, अडचण असो वा दुःख असो, त्याच्या उपयोगी पडणे हे शेजारी राहणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. ख्रिस्ती धर्मविचारातही शेजाऱ्यावरील प्रेमाला मध्यवर्ती स्थान आहे. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला परक्या जमातीचा एक मनुष्य उतारशाळेत नेतो व त्याच्या शुश्रूषेचा खर्च देतो. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचे ते उत्तर आहे. या दृष्टान्तातील एका लहानशा तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. उतारशाळा कोठे आहे हे त्या शोमरोन्याला ठाऊक होते, म्हणूनच तो जखमी मनुष्याला तेथपर्यंत नेऊ शकला. ती कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते तर त्याची करुणा रस्त्यावरच थांबली असती.

महाराष्ट्रातील अनेक चर्चची आजची स्थिती अशा अज्ञात उतारशाळेसारखी आहे. आवारात दवाखाना असतो, समुपदेशनाची सोय असते, शिवणवर्ग असतो, मुलांसाठी अभ्यासिका असते; परंतु कुंपणापलीकडच्या वस्तीला त्याची वार्ता नसते. 'ते त्यांच्या लोकांसाठी आहे' हा समज दोन-दोन पिढ्या टिकून राहतो. त्यामुळे सेवा उपलब्ध असूनही गरजू व्यक्ती वंचित राहते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील चर्चच्या सेवाकार्याचे स्वरूप थोडक्यात पाहणे.
२) या सेवांविषयी चर्च मौन का बाळगते याची कारणे शोधणे.
३) शेजारसमाजाला माहिती देण्याची आवश्यकता स्पष्ट करणे.
४) माहितीप्रसार व धर्मप्रचार यांतील सीमारेषा निश्चित करणे.
५) माहिती देण्याच्या उचित मार्गांविषयी काही सूचना करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ऐतिहासिक घटना, संस्थांचे ज्ञात कार्य व कायदेशीर तरतुदी यांच्या आधारे विवेचन केले आहे. 'चर्च' ही संज्ञा येथे केवळ उपासनामंदिर या अर्थाने वापरलेली नसून स्थानिक ख्रिस्ती मंडळी, धर्मग्राम आणि त्यांच्याशी संलग्न सेवासंस्था या व्यापक अर्थाने वापरली आहे. ख्रिस्ती प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या, परंतु चर्चच्या प्रशासनाखाली नसलेल्या संस्थांचा उल्लेख तुलनेसाठी केला आहे.

महाराष्ट्रातील चर्चच्या सेवाकार्याची परंपरा :

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे या मिशनचे केंद्र सुरू झाले. मुलींच्या शिक्षणासाठी सिंथिया फरार यांनी मुंबई व अहमदनगर येथे केलेले कार्य महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. याच नगरमध्ये १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. त्यात धर्मचर्चेबरोबरच विज्ञान, भूगोल, समाजसुधारणा आणि चालू घडामोडी यांनाही स्थान होते. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय हेही याच परंपरेतील एक महत्त्वाचे पाऊल होय.

आरोग्याच्या क्षेत्रात मिरजेचे उदाहरण ठळक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील रुग्णांची तेथे रीघ लागली आणि मिरज हे वैद्यकीय सेवेचे गाव म्हणून नावारूपास आले. कुष्ठरुग्णांच्या सेवेत अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथील रुग्णालयाचे कार्य उल्लेखनीय आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले 'शांती आवेदना सदन' ही असाध्य अवस्थेतील कर्करुग्णांची शुश्रूषा करणारी देशातील पहिली संस्था मानली जाते. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथेच 'कृपा फाउंडेशन' ही व्यसनमुक्तीचे कार्य करणारी संस्था स्थापन केली.

आर्थिक क्षेत्रातील उदाहरण वसईचे आहे. १९१८ मध्ये तेथील कॅथलिक समाजाने सावकारी पाशातून शेतकऱ्यांची सुटका व्हावी म्हणून सहकारी पतसंस्था स्थापन केली. तिचेच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँकेत रूपांतर झाले. आज ही बँक सर्व समाजांतील ग्राहकांना सेवा देते. संस्थेच्या नावात 'कॅथलिक' हा शब्द असूनही तिचा काउंटर सर्वांसाठी आहे, हे वसईकरांना अनुभवाने कळले. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला मात्र ते कोणीतरी सांगावे लागते.

या उदाहरणांवरून एक बाब स्पष्ट होते. महाराष्ट्रात चर्चच्या सेवाकार्याची उणीव नाही. मिरज किंवा वांद्र्यासारख्या मोठ्या संस्थांचे नाव रुग्णांच्या अनुभवातून दूरवर पोहोचले. खरा प्रश्न आहे तो शेकडो लहान चर्चचा, ज्यांच्या सेवा लहान आहेत, ज्यांच्याकडे प्रसिद्धीचे साधन नाही आणि ज्यांची ओळख त्यांच्याच गल्लीत अपुरी आहे.

मौनाची कारणे :

चर्च आपल्या सेवांविषयी शेजारसमाजाशी मोकळेपणाने का बोलत नाही, याची प्रामुख्याने चार कारणे दिसून येतात.

पहिले कारण धार्मिक संस्काराचे आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान गाजावाजा न करता, गुप्तपणे करावे असा उपदेश आहे. 'केलेल्या कामाचा डंका पिटू नये' ही वृत्ती त्यातून दृढ झाली. ही नम्रता आदरणीय आहे. तथापि त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात लावलेला दिवा झाकून न ठेवण्याचा उपदेशही आहे. या दोन्ही वचनांत विसंगती नाही. पहिले वचन दात्याच्या अहंकाराविषयी आहे, तर दुसरे प्रकाशाच्या उपयोगाविषयी. दान कोणी दिले हे गुप्त राहिले तरी दवाखाना कोठे आहे व तो किती वाजता उघडतो, हे गुप्त राहण्याचे काहीच कारण नाही. दात्याची प्रसिद्धी आणि सेवेची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत झाल्यामुळे नम्रतेच्या नावाखाली गरजूंचे नुकसान होते.

दुसरे कारण भीतीचे आहे. सेवेविषयी काहीही सांगितले तरी ते धर्मांतराचे आमिष ठरवले जाईल, ही धास्ती अनेक धर्मगुरूंच्या व पाळकांच्या मनात असते. तिला वर्तमान परिस्थितीचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. परंतु गप्प राहिल्याने संशय कमी होतो, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. त्याची चर्चा पुढे केली आहे.

तिसरे कारण सवयीचे आहे. बहुतेक सूचना रविवारच्या उपासनेनंतर किंवा मिस्सानंतर वाचून दाखवल्या जातात आणि चर्चच्या सूचनाफलकावर लावल्या जातात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३ होती. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ०.९६ टक्के होते. म्हणजे वसई किंवा मुंबईच्या काही उपनगरांसारखा अपवाद सोडल्यास, उपासनेत केलेली सूचना शंभरातील एका माणसापर्यंतही पोहोचत नाही. मंडळीला वाटते की आपण सांगितले. वस्तीच्या दृष्टीने कोणी काही सांगितलेलेच नसते.

चौथे कारण भाषेचे आहे. अनेक शहरी चर्चचे फलक, पत्रके व अर्ज केवळ इंग्रजीत असतात. इंग्रजी न वाचणाऱ्या मनुष्याला त्या फलकातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे हे स्थान आपले नाही. वास्तविक याबाबतीत परंपरा वेगळी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले व ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चार शतकांपूर्वी एका परदेशी माणसाला जे उमगले, त्याचा विसर आजच्या फलकांना पडलेला दिसतो.

माहिती देण्याची आवश्यकता :

अ) गरजू व्यक्तीचा हक्क

कोणत्याही सेवेचे पहिले प्रयोजन गरजूला मदत मिळणे हे असते. माहितीअभावी ती मिळत नसेल तर सेवा केवळ कागदावर राहते. येथे कायद्याचाही विचार करणे आवश्यक आहे. चर्चच्या अनेक सेवासंस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) अन्वये नोंदलेल्या आहेत. या अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार त्याच्या कक्षेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांना सवलतीत उपचार देण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या बिलांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.

ही तरतूद चर्चशी संबंधित रुग्णालयांप्रमाणेच इतर सर्व धर्मादाय रुग्णालयांनाही लागू आहे. परंतु ज्या रुग्णाला ही योजनाच ठाऊक नाही, तो दाखला घेऊन येणार कसा? तो खासगी दवाखान्यात जातो, दागिना गहाण ठेवतो, उसनवारी करतो. आणि त्याच्यासाठी राखलेली खाट रिकामी राहते. येथे माहिती न देणे ही नम्रता ठरत नाही. ते कर्तव्यातील न्यून ठरते.

आ) वेळेवर येण्याचे महत्त्व

काही सेवांचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. कुष्ठरोगाचे निदान लवकर झाले व बहुविध औषधोपचार वेळीच सुरू झाले तर विकृती टाळता येते. व्यसनाधीन मनुष्याचे कुटुंब पहिल्या काही वर्षांतच समुपदेशकाकडे आले तर संसार सावरण्याची शक्यता वाढते. असाध्य कर्करोगाच्या रुग्णाला शेवटच्या दोन दिवसांत शुश्रूषागृहात आणण्याऐवजी आधी आणले तर त्याच्या वेदना काही आठवडे, काही महिने सुसह्य करता येतात. वेदनाशमनाची अशी सोय असते, हेच अनेक कुटुंबांना रुग्ण गेल्यानंतर कळते. अशा वेळी 'आम्हांला आधी कोणी सांगितले असते तर' हे उद्गार ऐकावे लागतात आणि त्यांना उत्तर नसते.

इ) संशयाचे निराकरण

माहितीची जागा रिकामी राहिली की ती अफवा भरून काढते. बंद फाटकाच्या आत काय चालते याविषयी शेजारी तर्क करू लागतात. उलट ज्या संस्थेचे वेळापत्रक, शुल्क, प्रवेशाच्या अटी व हिशेब सर्वांना ठाऊक असतात, तिच्याविषयी गैरसमज पसरवणे कठीण जाते. कारण तेथे स्वतः जाऊन आलेले शेजारीच त्या गैरसमजाचे खंडन करतात. चर्चला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची गरज पडत नाही. साक्षीदार वस्तीतच असतात.

ई) चर्चचे स्वतःचे शिक्षण

माहिती देण्याची प्रक्रिया एकतर्फी नसते. शेजाऱ्यांशी बोलू लागल्यावर त्यांची खरी गरज कळते. शिवणवर्ग चालू आहे, पण वस्तीतील स्त्रियांना दुपारी कामावर जावे लागते. अभ्यासिका आहे, पण ती सात वाजता बंद होते आणि मुलांच्या घरात शांतता हवी असते ती रात्री नऊनंतर, अशा गोष्टी संवादातूनच लक्षात येतात. ज्या सेवेविषयी कोणाला सांगितलेच जात नाही, ती सुधारतही नाही.

इतिहासातील दोन उदाहरणे :

माहितीच्या स्पष्टतेचे महत्त्व समजण्यासाठी महाराष्ट्रातील दोन उदाहरणे उपयुक्त आहेत.

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली व १८९० मध्ये पुण्यास आलेली ही संस्था उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. परंतु संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, अशी हमी देण्यात आली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. पुढे काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस उपस्थित राहू लागल्या. तटस्थता म्हणजे नेमके काय, यावर तीव्र मतभेद झाले. रमाबाईंच्या मते स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्यास व तेथे येणाऱ्या मुलीला न अडवण्यास त्या मोकळ्या होत्या; पालकांच्या व सल्लागारांच्या मते हा हमीचा भंग होता. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंच्या भूमिकांविषयी विपुल लेखन झाले आहे. कोणाचे बरोबर व कोणाचे चूक याचा निर्णय करणे हा येथील हेतू नाही. माहितीप्रसाराच्या दृष्टीने त्यातून मिळणारा धडा असा की, 'तटस्थता' हा शब्द दोन्ही पक्षांनी वापरला, पण त्याचा अर्थ दोघांच्या मनात निराळा होता. संस्थेत धर्मविषयक काय घडेल व काय घडणार नाही हे आरंभीच तपशिलाने स्पष्ट झाले असते, तर मतभेद राहिले असते, परंतु फसवणुकीची भावना निर्माण झाली नसती. त्याची सर्वांत मोठी किंमत शिक्षण अर्धवट सोडून परत गेलेल्या मुलींनी मोजली. पुढे केडगाव येथे मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले आणि दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-स्त्रियांना तेथे आसरा मिळाला.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. हा प्रकल्प चर्चचा नव्हे, परंतु त्यामागील प्रेरणा ख्रिस्ती सेवाभावाची होती. केवळ रुग्णालय बांधून खेड्यातील आजार कमी होणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून गावानेच निवडलेल्या स्त्रियांना, ज्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळंतपण, अतिसार, लसीकरण, कुष्ठरोग यांविषयीची माहिती त्या स्वतःच्या भाषेत घरोघरी सांगू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडमध्ये माहिती देणे हेच सेवेचे मुख्य अंग ठरले. माहिती देणारी व्यक्ती बाहेरची नव्हती, तर गावातीलच होती. आणि ती कोणत्या जातीची वा धर्माची आहे यापेक्षा तिच्या सांगण्याने मूल वाचले की नाही, याला महत्त्व आले. शारदा सदनाच्या वादातून स्पष्टतेचे महत्त्व कळते, तर जामखेडच्या यशातून माहितीच्या मार्गाचे.

याच संदर्भात वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादन केलेल्या या मासिकाने धर्मग्रामाच्या वार्तांपुरते मर्यादित न राहता पाणी, पर्यावरण, गुंडगिरी, साहित्य अशा वसईतील सर्वांच्या प्रश्नांना स्थान दिले. हरित वसईच्या चळवळीत विविध धर्मांचे लोक एकत्र आले, त्यामागे अशा संवादाची पार्श्वभूमी होती. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला काही गटांनी विरोध केला, तथापि संमेलन पार पडले. मराठी वाचकांशी अनेक वर्षे साधलेला संवाद त्यांच्या पाठीशी होता.

माहितीप्रसार आणि धर्मप्रचार : सीमारेषा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ अन्वये सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. अर्थात सेवेची माहिती देणे हा या वादाचा विषयच नाही. दवाखान्याची वेळ सांगणे हा धर्मप्रसार नव्हे. मात्र दवाखान्याच्या पत्रकात उपासनेचे निमंत्रण मिसळले तर सीमारेषा पुसट होते, आणि मदतीची गरज असलेल्या माणसाला नकार देणे अवघड जाते. म्हणून पुढील पथ्ये पाळणे आवश्यक वाटते.

१) सेवेची माहिती व उपासनेचे निमंत्रण यांची पत्रके स्वतंत्र असावीत. उपासनेचे निमंत्रण देऊ नये असा याचा अर्थ नाही. ते त्याच्याच नावाने द्यावे.

२) सेवा कोणाकोणासाठी आहे, तिला शुल्क किती आहे आणि तिच्यासोबत कोणतीही धार्मिक अट आहे किंवा नाही, हे लेखी सांगावे. एखादा कार्यक्रम केवळ मंडळीच्या सभासदांसाठी असेल तर तेही स्पष्ट लिहावे. मर्यादा सांगण्यात कमीपणा नाही.

३) देणगीदारांना एक व शेजाऱ्यांना दुसरे, असे दुहेरी कथन असू नये. संस्थेच्या अहवालात जे लिहिले आहे ते वस्तीत वाचून दाखवता आले पाहिजे. ही कसोटी साधी आहे, पण कठोर आहे.

४) मदत घेणाऱ्या व्यक्तींची छायाचित्रे व नावे प्रसिद्ध करू नयेत. विशेषतः व्यसनाधीन, कुष्ठरुग्ण, पीडित स्त्रिया व मुले यांच्या बाबतीत गोपनीयता हीच सेवेची पहिली पायरी आहे.

५) उपचाराविषयी चमत्काराचे दावे करू नयेत. औषधीद्रव्ये व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार अनेक रोगांबाबत चमत्कारिक उपायांची जाहिरात करण्यास मनाई आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनेही रुग्ण मिळवण्यासाठी केलेली याचना अनैतिक मानली आहे. संस्थेचे नाव, उपलब्ध सोयी व शुल्क यांची साधी माहिती देण्यास मात्र तिने वाव ठेवला आहे.

ही पथ्ये पाळल्यास कोणीच टीका करणार नाही, असे नाही. प्रामाणिक माहितीवरही पूर्वग्रहातून आक्षेप घेतले जातात, आणि काही ठिकाणी परिस्थिती इतकी तणावपूर्ण असू शकते की स्थानिक मंडळीला पावले जपून टाकावी लागतील. कोणत्या वस्तीत काय बोलावे याचा निर्णय तेथे राहणाऱ्यांनीच घ्यावयाचा असतो. परंतु लपवण्यासारखे काही नसताना लपवल्यासारखे वागणे हे दीर्घकाळात अधिक धोक्याचे ठरते.

माहिती देण्याचे मार्ग :

माहिती देण्यासाठी मोठा खर्च आवश्यक नाही. आवाराच्या बाहेरील बाजूस, रस्त्यावरून वाचता येईल असा मराठी फलक हे पहिले साधन होय. त्यावर सेवेचे नाव, दिवस, वेळ, शुल्क व 'सर्वांसाठी खुले' एवढे शब्द पुरेसे आहेत. ग्रामपंचायत, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा व सार्वजनिक वाचनालय येथे हीच माहिती द्यावी. आशा कार्यकर्तीला घराघरांतील आजार ठाऊक असतात. तिला जवळच्या मोफत सेवेची माहिती असणे हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे आहे. आठवडी बाजार, रिक्षाथांबा, एस. टी. स्थानक ही ठिकाणेही उपयुक्त आहेत. आज व्हॉट्सॲपच्या गटांतून सूचना क्षणात पोहोचते, परंतु वृद्ध व निरक्षर व्यक्तींसाठी प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही.

वर्षातून एक दिवस सेवासंस्थांचे दरवाजे शेजाऱ्यांना पाहण्यासाठी खुले ठेवावेत. त्या दिवशी प्रवचन नको, पाहुण्यांचा सत्कार नको. दवाखाना, वर्ग, स्वयंपाकघर व हिशेबाची वही दाखवावी, आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. महाराष्ट्रात दिवाळीचा फराळ, ईदचा शिरखुर्मा व नाताळचा केक यांची देवाणघेवाण शेजाऱ्यांत होतच असते. त्याच ओळखीच्या वाटेने सेवेची माहितीही जाऊ शकते.

माहिती देण्यापूर्वी एक खबरदारी घेणे अत्यावश्यक आहे. जी सेवा नियमित देता येत नाही, तिची घोषणा करू नये. फलक वाचून दोन मैल चालत आलेल्या बाईला 'आज डॉक्टर नाहीत' असे ऐकावे लागले तर ती पुन्हा येत नाही, आणि ते ती इतर दहा जणींना सांगते.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील चर्चच्या सेवाकार्याची परंपरा समृद्ध आहे, परंतु लहान व स्थानिक सेवांची माहिती शेजारसमाजापर्यंत पुरेशी पोहोचत नाही.

२) नम्रतेचा संस्कार, आरोपांची भीती, मंडळीपुरत्या सूचना देण्याची सवय आणि भाषेचा अडसर ही मौनाची मुख्य कारणे आहेत.

३) दात्याची प्रसिद्धी व सेवेची माहिती या भिन्न गोष्टी आहेत. पहिली टाळणे योग्य आहे, दुसरी टाळणे गरजूंच्या हिताविरुद्ध आहे.

४) धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत माहिती देणे हे कायद्याचा हेतू सफल होण्यासाठीही आवश्यक आहे.

५) मौनाने संशय कमी होत नाही. सेवेचे स्वरूप, तिच्या अटी व मर्यादा यांची आरंभीच दिलेली स्पष्ट माहिती हाच विश्वासाचा पाया होय.

६) माहिती देण्याची सर्वोत्तम माध्यमे स्थानिक आहेत : मराठी फलक, गावातील कार्यकर्त्या आणि सेवेचा अनुभव घेतलेले शेजारी.

समारोप :

चर्चच्या घंटेचा आवाज कुंपण ओलांडून वस्तीत रोज पोहोचतो. तो ऐकणाऱ्या बहुसंख्य शेजाऱ्यांना त्या घंटेचा आपल्याशी काही संबंध आहे असे वाटत नाही. त्याच आवारात मंगळवारी मुलांचे वजन व लसीकरण पाहिले जाते, गुरुवारी दारूच्या व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांची बैठक असते आणि त्यासाठी कोणाला आपला धर्म विचारला जात नाही, हे त्या वस्तीला कळणे चर्चच्या कीर्तीसाठी आवश्यक नाही. ज्या घरात आज रात्री त्या बैठकीची गरज आहे, त्या घरासाठी ते आवश्यक आहे. शेजारधर्माची सुरुवात मदतीपासून होते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती 'आम्ही येथे आहोत' हे शेजाऱ्याला सांगण्यापासून होते.